संडासाच्या दारामागची केरसुणी

सन दोन हजार दोन. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी लागली आहेत, पण मास्तरांनी ती अंदाजाने लावली होती आणि शाळेत मी टिकलो तिसरीपर्यंत, म्हणून त्या दाखल्याला मी विचारत नाही. त्या वर्षीची दिवाळी आम्ही नालासोपाऱ्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये केली. ती आठवली की अजून मला उठून कपाळ धुवावंसं वाटतं.

आमचं घर निर्मळ गावाच्या बाजूला, वाडीत. केळी, नारळ, थोडा मोगरा, विहीर. मुलगा मुंबईला नोकरीला, म्हणून त्याने स्टेशनच्या जवळ तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली होती. त्या साली माझ्या बायकोचे गुडघे गेले. मुलगा म्हणाला, पावसाळ्यापुरते या. गेलो. पाऊस संपला, नवरात्र झालं, तरी आम्ही तिथेच. मग एक दिवस जेवताना तो म्हणाला, "बाबा, एक टेंपोवाला आहे. मंडपाचं सामान ठेवायला जागा शोधतोय. आपलं घर बंदच पडलंय. पाडव्याचा दिवस चांगला आहे, त्याला चावी देऊन टाकू."

"घर बंद नाही," मी म्हटलं. "मी इथे आहे म्हणून तिथे कुलूप आहे."

"त्यालाच बंद म्हणतात, बाबा."

माझं म्हणणं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. अडलं होतं बायकोपाशी. ती खाडीकडच्या गावची. तिच्या माहेरची माणसं बोलतात ते तोंडावर, आणि ती त्यांच्यात थोरली. ती म्हणाली, "घरी यायला मी एका पायावर तयार हाय. दुसरा चालतच नाय. पन केर मी काढनार नाय. माझं वाकनं संपलं. केर कोन काढनार ते सांगा, मंग येते."

कामाला बाई मिळेना, गावातल्या ज्या होत्या त्या सगळ्या बिल्डिंगींकडे वळल्या होत्या. आणि आमच्यात पुरुष अंगण झाडतो, गोठा झाडतो, वाडी झाडतो, पण घरात केरसुणी हातात धरत नाही. कोणी मनाई केलेली नाही. नाही धरत. माझ्या बापाने धरली नाही, मीही धरली नव्हती. त्यामुळे म्हाताऱ्या वयात आम्ही दोघं आपल्या घरात राहणार की टेंपोवाल्याचे बांबू राहणार, हे सगळं केरावर येऊन थांबलं होतं.

आता केरसुणीचं सांगतो, कारण हल्ली कोणाला त्यातलं काही माहीत नाही, आणि माहीत नसल्याची लाजही नाही.

केरसुणी घरात मी आणायचो. ते काम पुरुषाचं, निदान आमच्या घरी तरी. दिवाळीच्या आधी नवी यायची, लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू लागायचं आणि मग ती कामाला लागायची. जुनी पाडव्याला पहाटे केराबरोबर कुंपणाबाहेर जायची. पण नवी घरात आल्याशिवाय जुनी बाहेर काढायची नाही, हा नियम. घर एक दिवसही केरसुणीशिवाय ठेवायचं नाही. शिंदीच्या पात्यांची केरसुणी घ्यावी. पाती फिक्या रंगाची हवीत. काळपट असली तर ओली असताना बांधली आहे, आतून बुरसणार. मूठ दाबून बघावी, बोट आत जात असेल तर परत ठेवावी. नाकाशी धरावी. सुकल्या गवताचा वास आला पाहिजे. घरी आणली की आधी दगडावर झटकायची, दोन दिवस उन्हात टाकायची, मुठीला सुतळीचा फास करून खुंटीला टांगायची, टोकं जमिनीला लागता कामा नयेत. उभी करायची नाही, टोकं मुडपतात. पाय लावायचा नाही. आल्यागेल्याच्या नजरेला पडेल अशी ठेवायची नाही. आणि पाण्याला दाखवायचीसुद्धा नाही. शिंदीला पाणी लागलं की ती संपली.

खराटा तर मी स्वतः करायचो. नारळाच्या झावळीचे हीर कोयत्याने सोलून, काथ्याने आवळून. ढिला पडला की मुठीत बांबूची पाचर ठोकायची, पुन्हा ताठ. माझ्या खराट्याला मी कमरेएवढा बांबूचा दांडा लावला होता. गावातले लोक अंगण बघायला थांबायचे. मी उगाच सांगत नाही, थांबायचे.

आणि अशा माणसाला त्या फ्लॅटमध्ये काय काय बघावं लागलं.

तिथे झाडू तीन होते. एक प्लास्टिकचा, हिरवा आणि गुलाबी. त्याचे केस पुढे कुरळे झाले होते आणि त्या कुरळ्यांत माणसांचे केस गुंडाळले होते. सुनेचे लांब, मुलाचे आखूड, कोणाचे तरी पांढरे, म्हणजे आमचेच. त्यात बिस्किटाचा चुरा, दोरे, वाळलेला भात. तो झाडू धुवून ओलाच फिरवायचे. लादीवर काळ्या रेघा उठायच्या आणि त्यालाच झाडलं म्हणायचे. त्या लादीवर मी कित्येक दिवस चवड्यांवर चाललो.

दुसरा फुलांचा झाडू, लांब दांड्याचा. तो नवा असला की महिनाभर भुसा गाळतो. माणसाने केर काढायला घ्यावा आणि त्याने केर घालावा. तो भुसा आमटीत पडायचा. एकदा माझ्या चहावर तरंगत होता.

"त्याला काही होत नाही, बाबा," सून म्हणाली. "गवतच आहे ते."

"गवत बैल खातो," मी म्हटलं.

"मग गाळून देऊ का?"

"चहा गाळूनच आणला होतास ना?"

तिने कप उचलून नेला. सून वाईट नाही. सकाळी स्वतःचा डबा भरून पळते, संध्याकाळी पिशव्या घेऊन येते. पण तिला घाण दिसत नाही. डोळे चांगले आहेत, घाण दिसत नाही. तो फुलांचा झाडू फ्रिजच्या मागे उभा करून ठेवायची. एकदा मी तो हलवला तर त्यातून झुरळ निघालं, सावकाश निघालं, घरातल्याच माणसासारखं, आणि पुन्हा आत गेलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. बायको मात्र जेवली. तिला तो लांब दांड्याचा झाडू आवडायचा. कधी कधी उगाच हातात घेऊन, उभी राहून, खोलीत एक हात मारायची.

तिसरा झाडू संडासातला. त्याचं वर्णन मी करणार नाही. बादलीत पाण्यातच उभा असायचा आणि ते पाणी टँकरचं, मोजून मिळायचं, म्हणून बदलायचे नाहीत. एवढंच पुरे.

घरकामाला एक बाई यायची. बडबडी, हातांनी चपळ. बिल्डिंगीत पाच-सहा घरं करायची. तिची मला एकच गोष्ट खटकायची, ती गुणगुणत काम करायची. त्या संडासात जाऊन माणसाला गाणं सुचतं कसं?

दिवाळीच्या आधी सून बाजारातून लक्ष्मीपूजनाचं सामान घेऊन आली. त्यात एक झाडू होता, प्लास्टिकचा, पिशवीतला. मला वाटलं वापरायला आणलाय.

"हा पूजेला," ती म्हणाली.

"याला कुंकू चिकटेल?"

तिने बोट फिरवून बघितलं. "चिकटपट्टीने टिकली लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून होळीच्या बाजाराला गेलो. वसईजवळचं होळी. तिथे भाजीवाल्यांच्या शेवटी एक बाई केरसुण्या घेऊन बसायची. तिच्याकडून मी वर्षानुवर्षं घेत होतो. तिचा नवरा पाती फोडायचा, ती बांधायची. मी बसलो आणि एकेक हातात घ्यायला लागलो. मूठ दाब, वास घे, झटक.

"बाबा, केरसुणी घेताय का सून बघताय?" ती म्हणाली.

"सून न बघता घेतली. म्हणून केरसुणी बघून घेतो."

ती हसून शेजारणीच्या अंगावर कलंडली. मग म्हणाली, "यंदा उशीर केलात. आईंना बरं नाही काय?"

"गुडघे."

"मग ही बुटकी कशाला घेता? तिकडं बघा, दांड्याचे झाडू विकायला लागलेत. आता आईंना वाकवता का?"

"तू तुझ्या मालाची निंदा कशाला करतेस?"

"मी दिवसभर वाकूनच बांधते हो," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय."

मी चांगली जाड, पिवळसर, आवळ मुठीची निवडली. तशी केरसुणी त्या बाजारात दुसरी नव्हती. परत येताना रिक्षात मांडीवर धरली. मनात होतं की लक्ष्मीपूजन झालं की हिला घेऊनच घरी जायचं. घरात नवी केरसुणी आली की बायकोही येईल, असं मला वाटत होतं. कसं येईल ते ठरलं नव्हतं.

फ्लॅटमध्ये खुंटी नाही. भिंतीला खिळा ठोकायचा तर मुलगा म्हणायचा प्लॅस्टर पडेल. गॅलरीत कपड्यांच्या दोरीचा एक हूक होता, तिथे मी ती टांगली, ऊनही लागेल म्हणून. आणि सुनेला बजावलं, "ही पूजेची आहे. आल्यागेल्याला दिसू देऊ नको."

ते वाक्य मी म्हटलं होतं. नाही म्हणत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी सगळं नीट मांडलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. सुनेने पाट मांडला, तांदळाची रास, त्यावर कलश, लाह्या, बत्तासे, आणि कडेला माझी केरसुणी. मला खरंच बरं वाटलं. तिने तो प्लास्टिकचा झाडू मांडला नव्हता. माझी मांडली होती, हळदकुंकवाची बोटं ओढून. बायको खुर्चीवर बसली होती, खाली बसवत नव्हतं म्हणून. कामवाली बाई फराळाचा डबा न्यायला आली होती, ती दारातच थांबली, पूजा होऊ दे म्हणाली.

घरातल्या थोरल्याने आधी नमस्कार करायचा. आमच्या घरची रीत अशी की वाकून केरसुणीच्या मुठीला कपाळ लावायचं आणि टोकं डोळ्यांना लावायची. मी तसं केलं. मूठ गार लागली. ओली. डोळ्यांना टोकं लावली तेव्हा नाकात फिनेल शिरलं. फिनेल आणि फिनेलच्या खाली जे असतं ते.

मी तसाच वाकलेला राहिलो. मग म्हटलं, "ही ओली का आहे?"

"तुम्हीच धुतलीत ना, बाबा?" सून म्हणाली. "मला वाटलं पूजेसाठी धुतलीत."

"शिंदीची केरसुणी कोणी धुतं का?"

"मग कोणी..."

दारातून कामवाली बाई म्हणाली, "कुठली? संडासच्या दारामागची काय? ती मी सकाळी घेतली."

सगळे तिच्याकडे वळले. तिला वाटलं आपलं बोलणं नीट कळलं नाही, म्हणून तिने सगळं सांगितलं. "तुमचा तो संडासचा झाडू तुटला ना परवा. ताईंना विचारलं, तर ताई म्हणाल्या बघ कायतरी दाराबिरामागे. तर ही होती. मी म्हटलं नवीच आणून ठेवलीय." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कडक आहे हां, आजोबा. ते पिवळं सगळं निघालं. कोपऱ्यातलंसुद्धा."

माझ्या निवडीची जन्मात पुष्कळांनी तारीफ केली असेल. एवढी कोणाची लागली नाही.

"पण मी ती गॅलरीत टांगली होती," मी म्हटलं.

सुनेचा चेहरा पडला होता. "गॅलरी समोरच्या बिल्डिंगमधून दिसते, बाबा. तुम्हीच म्हणालात ना कोणाला दिसू देऊ नको. घरात दुसरा खिळाच नाही. तिथेच एक आहे, दारामागे."

"न दिसणाऱ्या जागा जगात पुष्कळ असतात."

"या घरात नाहीत," ती म्हणाली. रडवेली झाली होती, पण खोटं बोलली नाही.

मुलगा म्हणाला, "जाऊ दे, बाबा. डेटॉलने धुऊन टाकू."

"काय धुवायचं? केरसुणी का माझं कपाळ?"

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. बायको हसत होती. पदर तोंडात कोंबला होता तरी खांदे हलत होते. डोळ्यांतून पाणी. "टोकं पन लावली," ती म्हणाली, "डोळ्यांना लावली." आणि पुन्हा हसायला लागली. तिचं बघून कामवाली हसली, मग मुलानेही तोंड फिरवलं. त्या लक्ष्मीसमोर मी एकटा उभा, कपाळावर कुंकू आणि संडास.

मी धुवायला गेलो. नळाला पाणी नव्हतं. ड्रममध्ये होतं, पण त्यावर जो डबा तरंगत होता तो कशाकशाला वापरतात ते मला माहीत होतं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि प्यायच्या पाण्याचा तांब्या घेऊन मोरीत कपाळ धुतलं. साबण लावला. पुन्हा धुतलं. सून बघत होती. प्यायचं पाणी दिवाळीत किती सांभाळून वापरावं लागतं ते तिलाच माहीत. तरी तांब्या रिकामा झाला तेव्हा तिनेच पुन्हा भरून दिला. डोळे मात्र किती धुतले तरी जळजळत राहिले.

त्या केरसुणीला मी पुन्हा हात लावला नाही. ती परत संडासाच्या दारामागे गेली. सुनेने पुढे ती तिथेच वापरली आणि वर्षभर टिकली म्हणे. टिकणारच.

फटाके चालू झाले तेव्हा मी गॅलरीत जाऊन बसलो. गॅलरीतही धूर, खाली कोणी तरी गुटखा थुंकलेला जिना, समोरच्या भिंतीवर सांडपाण्याचा ओघळ. बायको भिंतीला धरत आली आणि शेजारी बसली.

"मी उद्या घरी चाललो," मी म्हटलं.

"उद्या टेंपोवाला येनार चावीला. तुमच्या मुलानं त्याला तिथंच बोलावलंय."

"येऊ दे. मी चावी देणार नाही."

"बरं. केर?"

मी खालच्या फटाक्यांकडे बघायला लागलो. ती म्हणाली, "तुमची केरसुनी चांगली असते. मी कदी नाव ठेवलं काय? पन ती वाकवते. आनता तुमी आनि वाकते मी."

"मी अंगण झाडत नाही?"

"झाडता. उभ्यानं." तिने दोन्ही हात पुढे धरून दांडा धरल्यासारखं करून दाखवलं, छाती पुढे काढून, माझ्यासारखी. "खराट्याला दांडा लावलात. केरसुनीला लावला काय?"

"शिंदीच्या केरसुणीला दांडा लागत नाही. तिची मूठ जाड असते. दांडा बसवला तर बांधणी उसवते."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हनून तर हितं ऱ्हायले."

मग ती आत गेली. तिला उठायला मी हात दिला, तो तिने घेतला. मी धूर संपेपर्यंत तिथेच बसलो. कपाळाला अजून फिनेल येत होतं. किंवा येत नसेल, मला येत होतं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. मी अंधारातच उठलो, अंघोळ केली, चावी घेतली. बायको जागी होती. कुठे चाललात, हे तिने विचारलं नाही. कुशीवर वळून एवढंच म्हणाली, "जात्याच्या मागं बगा."

पहिली एसटी धरून घरी गेलो. कुलूप गंजलं होतं, दोनदा हिसका द्यावा लागला. दार उघडलं तसा बंद घराचा वास अंगावर आला. उंदरांच्या लेंड्या, ओटीपासून देवघरापर्यंत. खिडकीखाली वाळवीची माती. पालींची फुटलेली अंडी. न्हाणीच्या उंबऱ्याशी एक बेडूक मरून सुकला होता, उचलला तर तो कागदासारखा हलका लागला आणि त्याच्याखाली ओलं होतं. पण ही घाण घरची होती. तिच्यावर कोणी फिनेल ओतून तिला पूजेला बसवलेलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारामागे, खुंटीवर, जुनी केरसुणी होती तशी होती. मीच दिवाळीला आणलेली, आदल्या वर्षीची. झिजून वीतभर उरली होती. मी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मग ती हातात घेतली.

मला वाटलं होतं त्यात काय आहे. अंगण झाडणाऱ्याला घर झाडायला काय लागतं. पण ती एका बाजूने झिजलेली होती, तिरकी, बायकोच्या हाताच्या वळणाने. सरळ धरली की नुसती टोकं लागायची आणि धूळ उडायची. ती नीट टेकायची तेव्हाच, जेव्हा माणूस डावा हात गुडघ्यावर ठेवून पार खाली जाईल आणि उजव्या खांद्यातून वळेल. मी तसा गेलो. देवघरापासून सुरुवात केली, मग मधली खोली, स्वयंपाकघर, शेवटी ओटी. मधल्या खोलीत पाठ धरली. मी कण्हलो असेन, ऐकायला कोणी नव्हतं. पाणी शिंपडायचं असतं हे अर्ध्यात आठवलं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून केलं. धूळ नाकात, तोंडात, धोतरावर. कितीदा तरी थुंकलो. पण प्रत्येक हातामागे कोबा दिसत होता, आणि काळ्या रेघा नव्हत्या.

केर सुपात भरला. पाडव्याचा केर कुंपणाबाहेर टाकायचा म्हणून बाहेर पडलो, तर शेजारच्या दोघी आपापली सुपं घेऊन बाहेर होत्या, हातात पणती. त्या थांबल्या. एक म्हणाली, "वैनी कुठं?"

"आहे," मी म्हटलं.

"मग सूप तुमच्याकडं?"

"माझ्याकडे."

त्या एकमेकींकडे बघून हसल्या. मी केर टाकला आणि मागे न बघता परत आलो. जुनी केरसुणी केराबरोबर टाकली नाही. नवी संडासात गेली होती, मग जुनी कशी काढणार? विहिरीवर हातपाय धुतले, केरसुणी झटकून खुंटीला लावली आणि ओटीवर बसलो. पाठ टेकवत नव्हती, पण टेकून बसल्यासारखा बसलो.

ऊन आलं तसा टेंपोवाला आला. तरणा, गळ्यात चेन. ओटीवर चपलांसकट पाय ठेवला.

"चपला खाली काढ," मी म्हटलं. "आत्ताच केर काढलाय."

तो गोंधळला. आत डोकावला. "घर बंद आहे म्हणाले. कोणी काढला?"

"मी."

तो चपला काढून पायरीवर बसला आणि मोबाइलवर मुलाला लावायला लागला. पण मुलगा तेवढ्यात रिक्षातून उतरत होता, आईला हात देऊन. त्याने टेंपोवाल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या धोतराकडे बघितलं.

बायको कोणाकडे न बघता आत गेली. खोल्यांतून तिची पावलं ऐकू येत होती, एक पाय ओढत. देवघर, मधली खोली. मग स्वयंपाकघरात, जात्यापाशी थांबली. टेंपोवाला मुलाला हळू आवाजात म्हणाला, "मग चावी?" मुलगा म्हणाला, "थांब जरा."

ती बाहेर आली. ओटीच्या कडेला बसली, दोन्ही पाय लांब पसरले आणि गुडघे चोळायला लागली. टेंपोवाल्याला म्हणाली, "चहा घेनार काय? दूध नाय, कोरा मिळेल." मग मला म्हणाली, "जात्याच्या मागं केर ऱ्हायलाय."

मी उठलो आणि खुंटीवरून केरसुणी पुन्हा काढली.